करंगळीतला मोती

"काढू नका हो, गुण येतोय," म्हणत ती मूठ मिटून घ्यायची. म्हणून आज औषधाच्या गुंगीत तिचा डोळा लागल्यावरच त्याने करंगळीतली अंगठी हलकेच काढली. घामाने मोती निस्तेज होतो. ओल्या मऊ फडक्याने पुसायलाच हवा.

चाळीस वर्षं सोनारकाम केलं, साऱ्या गावाच्या अंगठ्या घडवल्या. बायकोसाठी ही पहिलीच. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा पत्रिका पाहणाऱ्या जोशीबुवांच्या सांगण्यावरून त्याने स्वयंपाकघरातच बैठक मांडून ही चांदीत घडवली. बायको खंगत गेली, तशी अंगठी सैल व्हायची. दोनदा त्याने मोती काढून ती कापली, जोडली, लहान केली. पण गेले तीन सोमवार अंगठी बोटात घट्ट होती. मोती पावला, असं तो भेटेल त्याला सांगत सुटला होता.

फडकं फिरवता फिरवता त्याचा हात थांबला. अंगठीच्या तळव्याकडच्या बाजूला पांढरा दोरा गुंडाळला होता. जुन्या मळक्या वेढ्यांवर नवे वेढे, अगदी कालपरवाचे.

मग त्याने तिच्या शिवणाच्या डब्यातून तेच रीळ काढलं, आणखी तीन वेढे दिले आणि अंगठी तिच्या करंगळीत रेटून बसवली. तिने डोळे उघडले.

"घट्ट होतेय गं," तो म्हणाला. "अंग धरायला लागलीस."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने मूठ मिटून घेतली.