सरीतली ओळ

लंकाबाईनं झेंडूच्या सरीच्या तोंडाशी ओली माती तळहातानं सपाट केली, आणि तुरीच्या काटकीनं लिहिलं, 'कुसा मरू दे.'

रोजचंच होतं ते. गावात साक्षरतेचा वर्ग निघाला, हाती चार अक्षरं आली, तेव्हापासूनचं. तिच्या आईला मनातली आग जात्यापाशी ओतता यायची; जातं फिरायचं, पीठ पडायचं, कुणाला काही कळायचं नाही. लंकाच्या घरी दळण गिरणीतून यायचं. म्हणून मग ही सरी. लिहायचं, एकदा वाचायचं, फावड्यानं दारं मोडायचं, सरीचं तोंड पाण्याला उघडायचं. पाटाचं पाणी यायचं आणि ओळ घेऊन जायचं. छाती संध्याकाळपर्यंत हलकी.

संध्याकाळी ती परत भरायची. धाकटी जाऊ कुसा पंचवटीच्या फुलबाजारात फुलं विकून यायची आणि तिथला काही ना काही किस्सा घेऊनच जेवायला बसायची. एखाद्या गिऱ्हाइकाची नक्कल, एखाद्या पुजाऱ्याचा रुसवा. अख्खं घर हसायचं. सासू तिच्या ताटात साय वाढायची. लंकाचा नवरासुद्धा हातातला घास हातात ठेवून ऐकायचा. खाली मान घालून, पण हसायचा. आपल्या बोलण्यावर तो शेवटचा कधी हसला, ते लंकाला आठवत नव्हतं.

आज मात्र तिनं दारं मोडलं आणि लाईट गेली. विहिरीवरची मोटर गप झाली. पाणी ओळीच्या वीतभर अलीकडं येऊन थबकलं आणि तिथंच जिरलं.

तेवढ्यात बांधावरून कुसा आली, डोक्यावर रिकामी पाटी. लंकानं ओळ पुसायला पाय पुढं टाकायच्या आत कुसानं ती पाहिली होती. कुसाला सगळ्या मुळाक्षरांत आपलं नाव तेवढं ओळखू यायचं. अंगठ्याऐवजी सही करायला म्हणून बाजारातल्या कुणीतरी शिकवलेलं.

"अगं बाई, हे माझं नाव हाय," ती म्हणाली, आणि हरखून उकिडवी बसली. "पुढं काय लिहिलंय, जाऊबाई?"

काहीतरी सांगायला सापडावं म्हणून लंका कुसाकडंच बघत राहिली. चुंबळीनं दबलेले केस. मानेवर ताठलेली शीर. टाचेच्या भेगांत वाळलेला बाजारचा चिखल.

"कुसा दमली," लंका म्हणाली. "तसं लिहिलंय."

कुसाचं हसू हळूहळू ओसरलं. पाटी तिनं बाजूला ठेवली, पदर डोळ्यांना लावला.

"तिथं बायका धक्के देऊन उठवतात मला, जागेवरून. घरी काय सांगू ते? रोज येता येता काहीतरी हसण्याजोगं शोधत येते." तिनं त्या ओळीवरून, अक्षराला लागणार नाही असं, बोट फिरवलं. "तुम्हालाच कसं कळलं?"

विहिरीवर मोटर घरघरली. पाटातून पाणी धावत आलं, आणि लंकाचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच कुसानं दोन्ही हातांनी चिखल ओढून सरीचं तोंड बुजवलं. पाणी शेजारच्या सरीत वळलं.

"राहू द्या की. मला गिरवू द्या," ती म्हणाली. काटकी उचलून ती त्या ओळीखाली बघून बघून उतरवू लागली. नाव झटक्यात जमलं. मग जीभ दातांत धरून तिनं पुढचं अक्षर घेतलं. म. त्याची गाठ काही नीट येईना. तिनं ते मोडलं आणि पुन्हा काढलं.

लंकानं फावडं उचललं आणि चिखलाचा बांध फोडला.

पाणी दोन्ही ओळींवरून गेलं, कुसाच्या बोटांवरून गेलं.

"पुसलं की ओ," कुसा म्हणाली. हात तसाच पाण्यात होता. "उद्या परत हेच लिहून द्याल ना?"

लंका पाण्याच्या मागं बघत राहिली. ते झाडाझाडाच्या बुडाशी थांबत, जिरत, सावकाश पुढं चाललं होतं. त्या सरीची फुलं परवा खुडायची होती, कुसाच्या पाटीसाठी.