दिरांवरचा राग

पित्ताशयातल्या खड्यांनी वाकलेल्या कौसल्याबाई तपासणीच्या खोलीत बसल्या होत्या. डॉक्टर आणि वैद्य एकाच यंत्राच्या पडद्याकडे बघत होते. यंत्राने शरीराबरोबर बाईंचं मनही वाचलं होतं.

"आजाराचं मूळ तुमचा दिरांवरचा राग आहे," डॉक्टर म्हणाले. "तो निवळल्याशिवाय नियमाने शस्त्रक्रिया करता येत नाही. आम्ही केवळ खडे नाही, अख्खा माणूस बरा करतो."

"त्यांना बोलावलंय," वैद्य म्हणाले. "मनापासून माफ करा, यंत्राला लगेच कळेल."

दीर आत येऊन हात जोडून उभा राहिला. वीस वर्षांपूर्वी बाईंची लेक तापाने फणफणत असताना त्याने दारातली जीप दिली नव्हती. पोर सकाळ बघू शकली नाही.

"वहिनी, झालं गेलं विसरा."

"तिचं नाव सांग."

दीर वैद्यांच्या तोंडाकडे बघू लागला.

बाई पोट धरून उठल्या.

"खडा नळीत अडकला तर जीव जाईल!" डॉक्टर ओरडले.

"जाऊ दे. पण तिच्यासाठी रागावणारं दुसरं कोणी उरलेलं नाही."

कळ आली तशी त्यांनी भिंतीला हात टेकला, आणि दिराला ढकलून त्या बाहेर पडल्या.