थाळीतली चकती

लेबनॉनच्या त्या घाटात विसामची गाडी शर्यतीच्या आरंभरेषेवर गुरगुरत असताना रुलाला तेलाच्या थाळीत एक पोलादी चकती दिसली. भावाच्या गाडीचे डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी, पहाटे तिनेच उघडून त्यात नव्या चकत्या बसवल्या होत्या. त्या एकमेकींवर घट्ट दाबल्या गेल्या, तरच मागची दोन्ही चाके मिळून खेचत. ही काढून टाकलेल्या जुन्यांपैकीच असणार, असे तिने मनाला बजावले. “ताई, तोंड का पाडलंयस? तुझी वरात याच गाडीतून काढणार आहे मी,” विसाम हसला आणि झेंडा पडताच सुटला. दोन्ही चाकांनी खेचले असते, तर डांबरावर दोन काळे पट्टे उमटले असते. एकच उमटला होता; अशी गाडी वळणावर घसरणार. दरीकाठच्या वळणांकडे इंजिनाचा आवाज चढत गेला. रुलाने निशाणवाल्या एलियासकाकांचा वायरलेस हिसकावला. “शर्यत थांबवायचं कारण काय देशील, पोरी? सगळा घाट ऐकतोय.” “थांबवा त्याला,” ती म्हणाली, “मी चकती विसरले.”