बेचक्यातला खडा

बैल सरळ चालत होता. साळूबाईला तेच खटकत होतं.

शिरूरच्या बैलबाजारात पोपटराव दलालानं त्याला चार वेळा फिरवून दाखवला. सहादाती, म्हणजे ऐन उमेदीचा, पाठ भरलेली, शिंगं रंगवलेली. पण पाऊल कसं, तर वरातीतल्या नवरीसारखं जपून टाकलेलं. सौदा तोंडी ठरला होता, कासरा हातात घ्यायचा तेवढा बाकी होता. केंदूरला तिच्या दावणीला एकटाच बैल उभा होता आणि पेरणी आठ दिवसांवर आलेली. जोड लागली नाही तर रान पडीक राहणार होतं.

पण पेरणीच्या तोंडावर असला बैल विकतं कोण? तर हौसराव. सोसायटीचा चेअरमन, मागं दहा माणसं, पायात करकर वाजणारे नवे जोडे.

"डॉक्टरला दावते," ती म्हणाली.

"दाव की," हौसराव हसला. "माझ्या मालाला भ्या हाय व्हय?"

गुरांचा डॉक्टर गिदोन लिंबाखाली दाखले लिहीत बसला होता. साळूबाईचा त्याच्यावरही भरवसा नव्हता. चेअरमनच्या ओट्यावर चहा पिताना तिनं त्याला पाहिलं होतं. प्यायल्यावर वेगळा ठेवलेला कप त्यालाच विसळावा लागला, हेही तिनं पाहिलं होतं. ज्याचा कप वेगळा, तो चेअरमनचा माणूस नसणार, म्हणून तर ती आली. नाहीतर आलीच नसती.

गिदोननं बैलाच्या पुढच्या उजव्या खुरावर अंगठा दाबला. बैलानं झटक्यानं पाय मागं घेतला. मग डॉक्टरनं पुढचा डावा पाय उचलला, चाकूच्या टोकानं दोन नख्यांच्या बेचक्यातली शेणमाती उकरली. बोराएवढा खडा टपकन खाली पडला.

"आता चालवा."

बैल चालला आणि उजव्या पायानं सपशेल लंगडला.

"बघा!" हौसराव गरजला. "धड चालता बैल चाकू लावून लंगडा केला ह्या मिशनवाल्यानं!"

"खडा त्याच्याच पिशवीतला हाय," पोपटराव म्हणाला. दहा माना हलल्या.

"बाई, दुखणं उजव्यात आहे," गिदोन तिलाच म्हणाला. "डाव्यात खडा घातला की दोन्ही पाय सारखेच दुखतात. मग लंगडणार कुठल्या पायानं?"

साळूबाईनं एकदा डॉक्टरकडं पाहिलं, एकदा चेअरमनकडं. दोघंही तिच्या घरचे नव्हते. ती वाकली, खडा उचलला आणि बैलाच्या डाव्या पायाशी बसली.

"नका, बाई. कळ येते त्याला."

"मला बघू द्या, डॉक्टर. तुमचं बी ऐकलं, ह्यांचं बी."

खडा तिनं अंगठ्यानं बेचक्यात परत दाबला, उठली आणि बैल स्वतः चालवला. बैल सरळ चालला. पाऊल पावलाला सारखं.

हौसराव जोडे करकरवत पुढं आला.

"मंग? चालतोय की. खडा काढू नगंस, म्हंजी झालं."

एक जण हसला, म्हणून सगळे हसले. मघाशी खडा डॉक्टरच्या पिशवीतला होता, ते आता कुणाच्या ध्यानात नव्हतं.

"घे वयनी," पोपटराव म्हणाला. "चेअरमनचा माल हाय. सोसायटीच्या कर्जाला पुन्हा त्यांच्याच दारात जायचं हाय तुला."

गिदोन चाकू पुसत राहिला. मान वर केली नाही.

साळूबाई परत बैलाच्या पायाशी बसली. बोटानं खडा काढला, पदराला पुसला. बैलाच्या मानेवर क्षणभर हात ठेवला. घरून आणलेला कासरा दंडाला गुंडाळला आणि खडा तळहातावर घेऊन हौसरावापुढं उभी राहिली.

"चेअरमन, ह्यो तुमच्या जोड्यात घाला. केंदूरपतुर चाला माझ्यासंगं. तुमी न्हाई लंगडला, तर बैल घेते."

ती त्याच्या जोड्याशी वाकली. हौसरावानं झटक्यानं पाय मागं घेतला. बैलानं घेतला होता, तसाच.