थोरल्याचं नख

"थांबा!" बाळाच्या बाबांनी सिस्टरांचं मनगट धरलं.

सुई मांडीपासून बोटभर अंतरावर होती. सिस्टरांनी हात मागे घेतला आणि हसल्या. लसीच्या खोलीत पंचवीस वर्षं काढल्यावर त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. बाळं टोचल्यावर रडतात, बाबा लोक टोचायच्या आधीच.

"अहो बाबा, सुई तुम्हाला नाही टोचत. हवं तर बाहेर जाऊन बसा. पाणी प्या."

"नको. फक्त जरा थांबा."

हे तिसऱ्यांदा झालं होतं. दाराबाहेरच्या बाकावर आणखी सहा बाळं ताटकळत होती आणि त्यातलं एक तर नुसत्या वासानंच भोकाड पसरून बसलं होतं.

एक मुलगा टेबलावर, दुसरा आईच्या मांडीवर. अडीच महिन्यांचे जुळे. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. पहिल्या लसीला आले होते तेव्हा सिस्टरांनीच आईला युक्ती सांगितली होती. थोरल्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाला लाल नेलपॉलिश लावायचं. जुळ्यांच्या सगळ्या आयांना त्या हेच सांगत.

आणि बरं झालं सांगितलं. त्याच संध्याकाळी थोरल्याला ताप चढला आणि झटका आला. डोळे फिरले, अंग लाकडासारखं ताठ झालं. डॉक्टरांनी त्याच्या कार्डावर लाल शाईनं लिहून ठेवलं, 'नेहमीची लस पुन्हा नको.' त्याच्यासाठी वेगळी लस मागवून फ्रीजमध्ये ठेवली होती. एकच. आज थोरल्याला ती, धाकट्याला नेहमीची.

"धाकट्याला काय होतंय?" आई मांडीवरच्याला थोपटत नवऱ्याला म्हणाली. "मागच्या वेळी तर शिंकलासुद्धा नाही तो. काळजी आहे ती ह्याची. रात्रभर ह्याच्याकडे तोंड करून पडते मी, श्वास मोजत. मी घाबरत नाहीये आणि तुझंच काय चाललंय?"

"पण तो धाकटाच आहे ना?" बाबांनी टेबलाकडे बघत विचारलं. कपाळावरचा घाम आता भुवयांपर्यंत आला होता.

सिस्टरांनी टेबलावरचा इवलासा पाय उचलून दाखवला. "हे बघा. नख कोरं. म्हणजे धाकटा. लाल नखाचे साहेब बसलेत आईच्या मांडीवर. झालं समाधान?" त्यांनी कापसानं मांडी पुन्हा पुसली आणि दोन बोटांत धरली.

"ते पॉलिश मी लावलंय," बाबा म्हणाले.

"कुणी का लावेना."

"म्हणजे परत लावलंय. गेल्या सोमवारी. आंघोळ घातली तेव्हा पोपडा निघून गेला. दोघं एकाच टॉवेलवर होते. मी पुसत होतो, पावडर लावत होतो, आणि बघतो तर चारही पाय कोरे."

आईनं मांडीवरचं लाल नख अंगठ्यानं दाबून धरलं.

"मग?"

"मग लावलं."

"कशावरून लावलंस?"

बाबांनी ओठ ओले केले. "डावीकडे होता तो थोरला असावा, असं वाटलं. बहुतेक."

"बहुतेक?"

"तू चार दिवसांनी पहिल्यांदा झोपली होतीस गं. उठवायला जीव होईना. आणि मग नंतर... नंतर सांगायचं राहूनच गेलं. रोज सांगणार होतो."

सिस्टरांनी भरलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवून दिली. एका नखाच्या भरवशावर त्या बोटभर अंतरापर्यंत पोचल्या होत्या, आणि तो भरवसा त्यांनीच शिकवला होता. स्टूल ओढून त्या बसल्या.

"आज कोणालाच नाही," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांशी बोलते. आणखी एक मागवू. परवा या, दोघांनाही तीच देऊ."

बाबांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"ताई," सिस्टर हळूच म्हणाल्या, "तुम्ही बघा बरं एकदा. आईला कळतं."

आईनं मांडीवरच्याला टेबलावर, दुसऱ्याच्या शेजारी ठेवलं. ती वाकली. कान बघितले, भुवया बघितल्या, तळहात उघडून बघितले. मानेच्या वळ्या बाजूला करून बघितल्या. कुठे तीळ नाही, कुठे डाग नाही. एकानं जांभई दिली, लगोलग दुसऱ्यानंही दिली. तिनं दोघांच्या टाळूचा वास घेतला, आधी एकाचा, मग दुसऱ्याचा, मग पुन्हा पहिल्याचा.

बाहेरून कुणीतरी दारावर टकटक केली आणि थांबलं.

आईनं लाल नखाचा पाय हातात घेतला.

"आठ दिवस मी ह्याच्याकडे तोंड करून झोपतेय," ती म्हणाली. मग दुसऱ्याकडे बघितलं. "आणि हा माझ्या पाठीमागे."