पटावरची आठवी

“मुं... गी... ने...” काडीचं बोट ओळीखालून सरपटत होतं. अंगाने बारीक म्हणून सारी शाळा तिला काडीच म्हणायची. बाई पुढच्या शब्दाची वाट बघत होत्या आणि आतल्या आत चरफडत होत्या.

ही तिसरी आणि शेवटची चाचणी. यातही अडखळली तर काडीला पुन्हा पाचवीतच बसावं लागणार होतं, तेही धाकट्या बहिणीच्या बाकावर. वर्षभर बाईंनी तिच्यासाठी घसा कोरडा केला होता. उजळणी वर्गातली बाकीची सात मुलं गोगलगायीच्या चालीने का होईना, पुढे सरकत होती. ही पोर मात्र जागची हलायला तयार नव्हती. बाईंनी अगदी हात टेकले होते. आपल्यालाच शिकवता येत नाही, असं त्यांना मनापासून वाटायला लागलं होतं.

भिंतीपलीकडे मोठ्या वर्गात साठ मुलं एका सुरात धडा म्हणत होती. तिथली चाचणीही अशीच, एका दमात उरकली जायची. चौथीपर्यंत काडीही त्याच गर्दीत बसायची.

“दा... णा,” काडी म्हणाली.

बाईंनी बरोबरची खूण केली आणि त्यांचा हात थबकला. सकाळपासून सातही जण नेमके इथेच चुकले होते. सगळ्यांनी ‘नाणा’ वाचलं होतं आणि बाईंनी सातही वेळा लाल फुली मारली होती. सातांची एकच चूक? त्यांनी कागद स्वतःकडे ओढला. छापणाऱ्याने घोळ घातला होता. कागदावर ‘मुंगीने नाणा उचलला’ असंच होतं.

मुलांनी जे दिसलं ते वाचलं होतं. त्या सात फुल्यांची बाईंना लाज वाटली. त्यांनी स्वतः सरावाने, न बघताच ‘दाणा’ वाचला होता. आणि या पोरीनेही तेच केलं होतं. असं चुकायला अख्खं वाक्य आधीच वाचून झालेलं लागतं.

“तुला वाचता येतं,” बाई म्हणाल्या. “कधीपासून?”

काडीने ओठ चावला. “सहामाहीपासून.”

“मग हे सोंग कशाला? वर्ष वाया जाईल ना गं!”

काडीने दाराकडे बघितलं. तिथे जूनपासून परिपत्रक चिकटवलेलं होतं. ती जागेवरूनच घडाघडा वाचू लागली. “‘पटसंख्या आठपेक्षा कमी झाल्यास सदर वर्ग तात्काळ बंद करण्यात यावा.’ मी गेले की सातच उरतात, बाई. आणि तिकडे त्यांचं एकेकट्याचं कोण ऐकणार?”

बाईंना भरून आलं. मग त्यांनी काडीच्या नावापुढे ठळक अक्षरांत ‘उत्तीर्ण’ लिहिलं. ते बघून काडीला रडूच फुटलं.

“रडू नकोस. आठवं मूल मी आणते. त्या साठांतही कुणीतरी सोंग करत असेलच. तुझ्या उलटं, वाचता येत असल्याचं. नुसतं तोंड हलवणारं, एखादं तरी.”

काडीने बाहीला नाक पुसलं. “सांगितलं तर चुगली नाही ना होणार?”

“नाही होणार.”

“मग एखादं नाही, बाई,” काडी म्हणाली. “चौदा आहेत.”