बाईंचा ताप

बुधवारी भर दुपारी, भाचीच्या लग्नाच्या पंगतीत, देवकुळे बाई दुसरी जिलबी मोडत होत्या. मठ्ठा वाढायला आलेली मुलगी जेमतेम अकरा वर्षांची दिसत होती. बाईंमधली शिक्षिका गप्प बसेना.

"शाळा नाही का गं तुला? सरकारनं कायदा करून शाळा घरात आणून दिली. नुसतं फोनसमोर बसायचं, तेवढंही होत नाही?"

शेजारणींनी माना डोलावल्या. मुलगी मात्र बाईंकडे बघतच राहिली.

"बाई, मी समीक्षा सरवदे. तुमच्याच वर्गातली."

बाईंना चेहरा ओळखूच आला नव्हता. पडद्यावर सगळी मुलं एकाच इस्त्रीच्या गणवेशात, एकाच निळ्या भिंतीसमोर दिसायची. यंत्रणाच तसं दाखवायची.

"मग आत्ता वर्गात का नाहीस?"

"आईबरोबर वाढायला आलेय. पण वर्ग ऐकतेय." तिने केस मागे सारून कानातला इयरफोन दाखवला. "अपूर्णांक चाललेत."

बाईंचा घास हातातच राहिला. तिकडे अपूर्णांक त्यांचाच आवाज शिकवत होता. शिक्षक आजारी असेल तर त्याच्या संगणकी प्रतिमेने वर्ग घ्यावा, अशी कायद्यात सोय होती, आणि सकाळी बाईंनी शाळेला ताप आल्याचं कळवलं होतं.

शेजारणी जेवायच्या थांबल्या होत्या. समीक्षाने पुढे केलेला मठ्ठ्याचा जग मागे घेतला.

"मठ्ठा नको, बाई. बर्फातला आहे, तापात बाधेल. मी तुम्हाला गरम पाणी आणते."